विकलेला माल आणि उरलेली जबाबदारी

(जळकोट येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मेळाव्यांत शिक्षण, विवाह व वसतिगृह यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आज आम्ही निवडलेला विषय व्यापारातील जोखमीचा आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल किराणा, आडत, बी-बियाणे, डाळ वा तेल यांच्या व्यवहारावर पेटते. जळकोटातील दुकान असो की उदगीरच्या मोंढ्यातील पेढी असो, माल मापून दिला व पैसे गल्ल्यात पडले की व्यवहार मिटला, अशी आपली जुनी समजूत आहे. कायदा मात्र तसे मानीत नाही.

सन २०२० चा खरीप आपण विसरला नसाल. मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन पेरले गेले आणि ते उगवलेच नाही. दुबार पेरणीची पाळी आली. तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्या प्रश्नाची दखल घेतली. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार पातळ असते. सुगीत पाऊस लागला किंवा भरलेले पोते उंचावरून आपटले, तरी त्याची उगवणशक्ती खचते; आणि आदल्या वर्षीच्या सुगीस अवकाळी पावसाने गाठलेच होते. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी, असा दंडक आहे. परंतु रिकाम्या तासांकडे पाहत उभा असलेला शेतकरी हे गाऱ्हाणे प्रथम कोणाकडे नेणार? पिशवी भरणारी कंपनी दूर असते. तो येतो ज्याच्या हातून पिशवी घेतली त्याच्याच दारी. बियाणे विकत घेणारा शेतकरी हाही ग्राहकच होय व त्यास ग्राहक न्यायालयाकडे दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिलेला आहे.

माल बनविणाऱ्याची जबाबदारी खरेदीदारापलीकडे किती दूर जाते, याचा पाया एका परदेशी खटल्याने घातला. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेस्ली गावी एका बाईंना त्यांच्या मैत्रिणीने आल्याच्या पेयाची बाटली घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती. तिच्यातून कुजलेली गोगलगाय निघाली व आपण आजारी पडलो, अशी त्या बाईंची तक्रार होती. त्यांनी स्वतः पैसे दिले नव्हते, तेव्हा करार कोठला? तथापि १९३२ मध्ये ब्रिटनच्या उमरावसभेने ठरविले, की जो माल बनवितो, त्याने तो अखेर वापरणाऱ्याचीही काळजी वाहिली पाहिजे.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये, म्हणजे त्याच सोयाबीनच्या हंगामात, अमलात आला. सदोष मालामुळे झालेल्या हानीची भरपाई हे त्यात एक स्वतंत्र प्रकरणच आहे. घडणीतील दोष, आखणीतील दोष, वापराच्या सूचना वा धोक्याचा इशारा नसणे, या सर्वांबद्दल उत्पादक जबाबदार ठरतो. त्याने दिलेली हमी खोटी ठरली, तर ‘ती देताना आम्ही निष्काळजी नव्हतो’ एवढे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही. विक्रेत्यास सर्व बाबतींत सारखेच धरलेले नाही. परंतु माल कोणी बनविला हे ज्यास सांगता येत नाही, तो विक्रेता स्वतःच उत्तरदायी होतो. म्हणजे बिलाविना स्वस्तात घेतलेले पोते हे आपण परक्याचे पाप विकत घेणे होय.

या निष्काळजीपणाची परिसीमा मुंबईने १९८६ साली पाहिली. जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते, आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा माल पुरविणारे, तो घेणारे आणि त्यावर देखरेख ठेवणारे, अशा सर्वांच्याच कसुरी उघड झाल्या. प्रत्येकाने मागच्यावर विसंबून मान डोलाविली होती.

आता घरातील गोष्ट. आपल्या बहुतेक पेढ्या भागीदारीच्या आहेत, आणि कराच्या सोयीसाठी भावजयीचे वा सुनेचे नाव भागीदार म्हणून घालण्याची चाल आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार व्यक्तिशः बांधलेला असतो. जिने दुकानाची पायरी कधी चढली नाही, तिच्या नावावरील घरही त्या देण्यात ओढले जाऊ शकते. मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा मार्ग २००८ च्या कायद्याने खुला केला आहे; अर्थात स्वतःच्या हातून घडलेल्या अपकृत्यातून तोही कोणास सोडवीत नाही.

म्हणून आमची विनंती चार गोष्टींची आहे. प्रत्येक खरेदीचे बिल व त्यावरील लॉट क्रमांक जपून ठेवा. १९६८ च्या बियाणे नियमांनी विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद ३ वर्षे आणि नमुना तो लॉट संपल्यावर १ वर्ष ठेवण्यास सांगितले. ही रीत डाळ-मसाल्यासही लावण्याजोगी आहे. मसाला व पापड करणाऱ्या आपल्या भगिनींनी अन्नसुरक्षेची नोंदणी करून पुडीवर तारीख, वजन व घटक छापावेत. दूषित अन्नाने मृत्यू घडल्यास वारसांना किमान ५ लाख रुपये देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. सदोष मालाच्या जोखमीचा विमा मिळतो, त्याची चौकशी करा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकास हाकलून न देता त्याचे म्हणणे लिहून घ्या, नमुना तपासा व कंपनीस त्याच दिवशी लेखी कळवा.

आपल्या वाडवडिलांची पत त्यांच्या शब्दावर चालत होती, कारण गिऱ्हाईक व माल दोन्ही त्यांच्या ओळखीचे होते. आज माल दूरवरून बंद पिशवीत येतो. त्या पिशवीत काय आहे हे जोवर आपण विचारीत नाही, तोवर आपला शब्द दुसऱ्याच्या हाती गहाण आहे. तो सोडवून घ्यावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.