रंग किती पातळ, किती घट्ट?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. रंगांविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी एकदा चुकले.

दोन वर्षांपूर्वी पेणहून शाडूचा कच्चा गणपती आणून घरीच रंगवला. बाटलीतल्या ॲक्रिलिक रंगाचे, पाणी न घालता, चार हात दिले. मूर्ती झळाळली. पाचव्या दिवशी बादलीत विसर्जन केले. सकाळी पाहते तो माती विरघळून तळाशी बसलेली, आणि रंगाची साल मात्र तशीच! देवाच्या कपाळाचा तुकडा हाती आला. सासूबाई बोलल्या नाहीत. त्यांनी नुसती मान फिरवली.

मग चौकशी केली. या रंगात प्लॅस्टिकच्या जातीचा चिकट पदार्थ असतो. ओला आहे तोवर पाण्याने धुतो. वाळला की पाण्यात सुटत नाही. थर जाड, तेवढी साल जाड.

आपल्या स्वयंपाकघरातली मापे सांगते. ताकासारखा पातळ रंग बारीक रेघेला, डोळ्यांच्या आखणीला आणि हलक्या छटेला. पाणी मात्र थेंबाथेंबाने घाला. फार झाले तर चिकटपणा जातो आणि रंग हाताला लागतो. धिरड्याच्या पिठासारखा रंग पाट, कुंड्या, भिंतीवरची नक्षी भरायला. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत, पहिला पुरता वाळल्यावरच दुसरा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, घाई नको. श्रीखंडासारखा घट्ट रंग चित्रात पाकळीला, झाडाच्या खोडाला उठाव आणायला. साडीवर तो नको. कडक होतो आणि घडीवर चिरण्याची भीती. ब्रश लगेच धुवावा; रंग वाळला तर ब्रश गेलाच.

विसर्जनाच्या मूर्तीला मात्र हा रंग पातळही नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांतही नैसर्गिक माती आणि नैसर्गिक रंग वापरावेत असेच आहे. गेल्या वर्षी मी हळद, गेरू आणि बाभळीचा डिंक घेतला. झळाळी कमी आली, हे खरे. पण सकाळी बादलीत माती आणि पाणी एवढेच होते. सासूबाईंनी ते स्वतः तुळशीला घातले.

बाहेर तीन वाट्यांत तीन प्रकारचे रंग कालवून ठेवले आहेत. जाताना प्रत्येकीने ब्रश फिरवून पाहावा.