मोजणारे हात कुणाचे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला दिलेला विषय जरा जड आहे : 'विकसनशील देशांची स्वतःची वैज्ञानिक क्षमता'. सकाळी चहाच्या वेळी एकीने विचारलंच, "ताई, यात आपलं काय काम? ते दिल्लीतल्या लोकांनी बघावं." तर तिथूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी मी काम करते त्या भागात बाहेरून एक पथक आलं. त्यांनी बायकांचं रक्त घेतलं, चाळीसेक प्रश्न विचारले. बायकांना गोळा करून आणायचं काम आमच्याकडे होतं आणि आम्ही ते उत्साहाने केलं. निकाल कधीच आला नाही. पुढे दोन वर्षं बायका मला विचारायच्या, "आमच्या रक्तात काय निघालं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पथकावर मी रागावते, पण होकार देण्याआधी मी तरी त्यांना एक प्रश्न विचारला होता का?

शरीर आपलं, माहिती आपली आणि ज्ञान साठणार दुसरीकडेच. हे फक्त आपल्या तालुक्याचं दुखणं नाही. १९९० साली आरोग्य संशोधनाविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशोब मांडला, की जगात अशा संशोधनावर होणाऱ्या खर्चापैकी जेमतेम ५ टक्के पैसा विकसनशील देशांच्या प्रश्नांवर जातो. देश कितीही गरीब असो, त्याने आपलं संशोधन आपण करण्याची ताकद उभी करावी, असं आयोगाने सुचवलं. बरोबरच आहे. पण 'देश' म्हणजे कोण? राजधानीतली एक प्रयोगशाळा, एवढंच उत्तर असेल तर बाईच्या अंगावरून पांढरं जातं हा अभ्यासाचा विषय आहे, असं तिथेही कुणाला सुचणार नाही.

गडचिरोलीचं नाव आपल्याला नवं नाही. आपण ते सेवेचं उदाहरण म्हणून सांगतो. मला ते आज विज्ञानाचं म्हणून सांगायचं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ साली त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. (आपलं विज्ञान म्हणजे बाहेरचं काही शिकायचंच नाही, असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये.) त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. दवाखान्यात येणाऱ्या तेवढ्याच नाहीत, तक्रार नसलेल्यासुद्धा. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक ना एक त्रास निघाला; सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून अधिक. आणि त्याआधी अशी तपासणी कधी झाली होती? शंभरात आठ जणींचीसुद्धा नाही. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, असंच सरकारी कागद म्हणत होते. आकडा नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट मला अधिक आवडते. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायचं तर मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त झाले, तर धोका. पण दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग तिच्यासाठी एक साधन केलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला, तर न्यूमोनिया. 'बाई अडाणी आहे' म्हणून तिला बाजूला न सारता तिच्या हाताला जमेल असं माप शोधलं. वैज्ञानिक क्षमता म्हणतात ती मला इथे दिसते.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास बघायला आणि जंतुदोष झाला तर औषध-इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवत. तिसऱ्या वर्षी तिथलं नवजात बालकांच्या मृत्यूचं प्रमाण, शेजारच्या ४७ गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी भरलं. १९९९ च्या त्या निबंधावर पाच नावं आहेत. गावोगावच्या आरोग्यदूत बायकांची त्यात नाहीत. विज्ञानाची रीतच तशी आहे म्हणतात. असेल, पण रीत आपण कितीतरी ठिकाणी बदलायला लावलीच आहे.

२०११ मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभर आशांकडे दिलं. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ६ भेटी, घरी झालं तर ७. वजनकाटा, थर्मामीटर, फॉर्म, सगळं तिच्याकडे. आणि तेव्हा ठरलेला मोबदला? सगळ्या भेटी मिळून २५० रुपये. पगार नव्हे, कारण ती 'स्वयंसेविका'! हेच मोजमाप एखाद्या प्रकल्पातल्या पदवीधराने केलं की तो संशोधन सहायक होतो.

म्हणून माझं म्हणणं आहे, की पुढच्या वेळी सर्वेक्षणाचे कागद घेऊन कुणी आलं तर आधी विचारायचं : हा प्रश्न कुणी ठरवला, निकाल गावात येऊन मराठीत कधी सांगणार, आणि दारोदार फिरणाऱ्या बाईला रोज किती? उत्तर नसेल तर 'नाही' म्हणायची सवय करायला हवी. अनुदान जाईल ही भीती मलाही वाटते.

दुपारच्या सत्रात आपण आपल्याच वह्या उघडणार आहोत. आपण गेल्या वर्षी लिहिलेल्या बाळंतपणांच्या नोंदींत आईचं वजन किती जणींनी लिहिलंय, ते आधी बघू. माझ्या वहीत ते अर्ध्याहून कमी पानांवर आहे.