सहकाराचा अभ्यास कोठे करावा?



विद्यापीठात सहकार हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यास रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली उघडलेले दुकान ठाऊक असते, आपल्याकडील १९०४ चा पतसंस्थांचा कायदाही ठाऊक असतो. परीक्षेस तेवढे पुरते. मात्र एखाद्या गावच्या सोसायटीची खतावणी त्याच्यापुढे ठेवली की तो गोंधळून जातो.

हे उणे भरून काढावे म्हणून विद्यार्थ्यांस काही आठवडे संस्थेत संशोधनाच्या उमेदवारीस धाडण्याची पद्धत आता पडली आहे. आणंद येथे १९७९ साली निघालेल्या आणि २०२५ मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठात सामावलेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेने तर खेड्यातील मुक्काम हा शिक्षणाचाच भाग मानला. पद्धत उत्तम आहे. पण पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी सचिवांच्या खोलीत बसतो, छापील अहवाल उतरून घेतो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी अशीच एका गावी गेली होती. सोसायटीच्या अहवालात पीककर्जाची वसुली जवळजवळ पूर्ण दाखविली होती. तिने रोजकीर्द व खतावणी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा बहुतेकांचे कर्ज मार्चअखेर फिटलेले आणि चारसहा दिवसांतच तेवढेच पुन्हा उचललेले दिसले. ह्यालाच गावात ‘नवे-जुने’ करणे म्हणतात. मग मधल्या दिवसांपुरता पैसा येतो कोठून? हे वहीत नव्हते, म्हणून ती घरोघर हिंडली. एक वृद्ध सभासद बाई म्हणाली, “चार दिसांचं व्याज सावकाराला द्यायचं, बाई, म्हंजी सोसायटीत नाव चांगलं ऱ्हातं.”

१९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जापैकी जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांकडून येते, असे आढळले होते. आज तो आकडा कितीतरी वाढला आहे. पण ज्या सावकाराच्या पाशातून सोडविण्यास सोसायटी जन्मली, त्याच्याच पैशावर तिची वसुली उभी राहावी, हे कोणत्या टक्केवारीत दिसणार? त्या पाहणीच्या समितीवर असलेले धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षही. वर्ग आणि गाव ह्यांतील अंतर त्यांनी स्वतः चालून पाहिले होते.

सचिवांनी ते पान गाळण्याची विनंती केली. गृहस्थ वाईट नव्हते. वसुली घटली तर वरून मिळणारे कर्ज आटेल, ही त्यांची भीती खरी होती. मुलीने मला विचारले. मी म्हटले, नावे गाळ, आकडे ठेव, आणि आधी सभासदांस वाचून दाखव.

तिने वाचून दाखविले. सभा बराच वेळ गप्प होती. मग त्याच बाईंनी विचारले, “आता आम्ही काय करावं?”

आमच्या अभ्यासक्रमात ह्याचे उत्तर नव्हते. पुढील वर्षापासून उमेदवारीचा पहिला आठवडा सभासदांच्या घरी काढावयाचा, एवढा नियम आम्ही केला.