भाव करणं आपल्याला येतंच

(सोलापुरात महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणी हसल्या. बायकांच्या मेळाव्यात मोटारगाडीची चर्चा कशाला, असं वाटलं असेल. वाटणं रास्त आहे. आपल्यातल्या बहुतेकींचा प्रवास एस.टी.नं आणि रिक्षानं होतो. पण इथंच शिक्षिका बसल्या आहेत, परिचारिका आहेत, कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा धंदा उभा करून आता ऑर्डरींसाठी गावोगाव फिरणाऱ्या आहेत. त्यांच्यातल्या काही जणी छोटी गाडी घ्यायच्या विचारात आहेत. घर सोडलं तर बाईच्या हातून होणारी ही सगळ्यांत मोठी खरेदी. आणि नेमकी तिथली बोलणी नवरा करतो, भाऊ करतो, नाहीतर दीर करतो.

आमच्या ओळखीची एक परिचारिका गाडी घ्यायला गेली. पैसे तिचे, कर्ज तिच्या पगारावर. सोबत नवरा होता. शोरूममधला मुलगा इंजिन, मायलेज, सूट हे सगळं नवऱ्याशी बोलला. तिला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, रंग कोणता?" तिनं पर्समधून वही काढली आणि म्हणाली, "रंगाचं नंतर बघू. आधी किमतीची फोड लिहून द्या." पुढचा पाऊण तास तो तिच्याशीच बोलत होता.

फोड हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याला भाव करता येत नाही असं कुणी म्हणू नये. चाटी गल्लीत लुगड्याचा, मंगळवार बाजारात ज्वारीचा भाव आपणच करतो, तिथं पुरुषांना कुणी पुढे करत नाही. पण बाजारात भाव एक आकडा असतो. गाडीचा भाव म्हणजे कागदावरच्या आठ-दहा ओळी, आणि विक्रेता बोलतो तो फक्त शेवटच्या ओळीवर, म्हणजे 'ऑन-रोड' किमतीवर. विडी वळणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावायला नको. हजार विड्यांचा दर कागदावर ठरलेला असतो, पण नुकसान होतं ते छाटीत. खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या, त्यावर खरी मजुरी ठरते. गाडीतही तसंच. वर सूट दिल्याचं दाखवायचं आणि खालच्या ओळींत ती परत काढून घ्यायची.

तेव्हा ओळी वाचू या. पहिली ओळ शोरूम किंमत. तिच्यातला कर सरकारचा, त्यावर घासाघीस नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जी.एस.टी. 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि वरचा उपकरही गेला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि, पेट्रोलची असेल तर, 1200 सी.सी.पर्यंतची. मूळ किंमत 5 लाख धरली तर कर धरून पूर्वी 6 लाख 45 हजार होत, आता 5 लाख 90 हजार होतात. हे 55 हजार म्हणजे शोरूमवाल्यानं दिलेली सूट नव्हे. कुणी "मॅडम, तुमच्यासाठी एवढे कमी केले" म्हणून हाच फरक दाखवला, तर हसून पुढच्या ओळीकडे वळा.

दुसरी ओळ रस्ता कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, म्हणजे या उदाहरणात 64 हजार 900. नोंदणी फी 600 रुपये, कर्ज असेल तर त्याच्या नोंदीचे 1,500. हेही सरकारचं. विजापूर, कलबुर्गी आपल्याला जवळ म्हणून तिकडून घेऊ, असं कुणी सुचवतं. पण आपण राहतो सोलापुरात, गाडी इथं एम.एच. 13 मध्येच नोंदवायची आणि कर इथंच भरायचा. दुसरं कोटेशन जरूर आणा, पण ते पुण्याहून किंवा लातूरहून.

आता ज्या ओळींवर बोलता येतं त्या. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' अशा नावांनी काही हजार लावलेले असतात. हा पैसा आर.टी.ओ.कडे जात नाही. "ही ओळ काढा, नाहीतर कोणत्या नियमानं लावली ते लिहून द्या" एवढंच म्हणायचं. लिहून कुणी देत नाही.

विमा ही सगळ्यांत जाड ओळ. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2018 पासून सक्तीचा आहे, त्याचे दर ठरलेले असतात. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यात कंपनीगणिक बराच फरक पडतो. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. बाहेरून कोटेशन आणा. मात्र गाडीची विम्यातली किंमत आणि जादा संरक्षणं दोन्हीकडे सारखीच आहेत ना, ते पाहा. मग शोरूमला म्हणा, एवढ्यात द्या, नाहीतर बाहेरून घेते. छोट्या गाडीच्या किमतीत विक्रेत्याचा नफा बेताचा असतो. विमा, कर्जाची दलाली, सीट कव्हर आणि पायपुसण्या यांवर तो कमावतो. म्हणून दाब तिथं द्यायचा. आणि पंधरा हजारांच्या वस्तू फुकट देतो म्हणाला, तर वस्तू नकोत, बिलात तेवढी रक्कम कमी करा म्हणावं. वस्तूंची खरी किंमत तेव्हाच बाहेर येते!

कर्ज घेणार की रोख देणार, हे भाव ठरेपर्यंत सांगू नका. जुनी गाडी देणार असाल तर तिचा भाव वेगळा ठरवा. दोन्ही एकत्र केलं की या हातानं दिलेलं त्या हातानं घेतलं जातं, आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

वेळेचंही सांगते. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली तेव्हा भाव करायचा प्रश्नच नव्हता. लोक पैसे भरून वाट पाहत बसत, आणि घाई असलेले जास्तीचे देऊन दुसऱ्याचा नंबर घेत. आता शोरूमला महिन्याचं उद्दिष्ट गाठायचं असतं, त्यामुळे महिन्याचा शेवटचा आठवडा आपला. पाडव्याला, दसऱ्याला रांग लागते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोण जास्त सूट देणार? पितृपंधरवड्यात मात्र दुकान ओस असतं. त्या पंधरवड्यात भाव पक्का करून घ्या, लेखी घ्या. सासूबाईंचं मन राखायचं तर गाडी घटस्थापनेला घरी आणा. डिसेंबरात सूट मोठी असते, कारण जानेवारी लागला की तीच गाडी कागदावर एक वर्षानं जुनी होते. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर ती घ्यायला हरकत नाही. दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर विकताना तेवढंच कमी येईल.

आता ज्या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त वाद होतो तो. गाडी कुणाच्या नावावर? हप्ते तिचे, आर.सी. त्याच्या नावावर, असं सर्रास होतं. "एकच तर आहे, काय फरक पडतो?" फरक पैशातही पडतो. विम्यात दावा केला नाही की दरवर्षी नो क्लेम बोनस वाढतो, पाच वर्षांत तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आज गाडी तिच्या नावावर असेल तर पुढच्या नव्या गाडीच्या विम्यात ही सूट तिला मिळते. त्याच्या नावावर असेल तर वर्षानुवर्षं जपून चालवूनही ती शून्यापासून सुरुवात करते. बिघडलं, वेगळं व्हायची वेळ आली, तर काय होतं ते आपल्या सल्ला केंद्रावर बसणाऱ्यांना ठाऊक आहे. हप्ते भरल्याच्या पावत्या घेऊन बाई येते, आणि गाडी मालकाच्या दारात उभी असते. नोंदणी करतानाच वारस म्हणून नाव देण्याची सोय 2021 पासून झाली आहे. तो रकाना बहुतेक जण कोरा सोडतात. आपण तो भरायचा.

बुकिंगची पावती घेताना, रद्द केल्यास किती परत मिळतील ते तिच्यावर लिहून घ्या. नाही म्हणाले तर ग्राहक हेल्पलाईन आहे, 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. आणि शेवटची रक्कम गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय देऊ नका. चासी नंबर बिलाशी जुळवा, बनावटीचा महिना बघा, ओरखडे दिवसाच्या उजेडात बघा. पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढायची घाई करतात, त्याला थांबवा. फोटोत कोण मधोमध उभं राहतं, तेही जरा बघा.

तीन जणींनी सध्या कोटेशन आणली आहेत असं कळलं. जेवणानंतर ती फळ्यावर उतरवू आणि ओळ-ओळ वाचू. ज्यांच्याकडे जुन्या खरेदीचे कागद असतील, त्यांनी पुढच्या बैठकीला तेही आणावेत.