धुराऐवजी पाणी सोडणारी गाडी

भाजी-दूध बाजारात न्यायला बचत गटाने टेम्पो घ्यायचा, की पाण्यावर चालणारी गाडी येईपर्यंत थांबायचं? आमच्या गटांत सध्या हाच विषय आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

पहिली गोष्ट, ही गाडी पाण्यावर चालत नाही. ती हायड्रोजन वायूवर चालते. गाडीत फ्युएल सेल नावाची पेटी असते. तिच्यात एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवा येते, मध्ये पातळ पडदा. तिथे दोन्हींचा संयोग होऊन वीज तयार होते आणि त्या विजेवर मोटर फिरते. आत काही जळत नाही, म्हणून धूर नाही. मागून फक्त पाणी आणि वाफ बाहेर पडते.

हे काही फक्त परदेशातलं नाही. आपल्या पुण्यात केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआरच्या शास्त्रज्ञांनी मिळून अशी बस तयार केली. २१ ऑगस्ट २०२२ ला ती पुण्यात लोकांसमोर आली.

मग अडतंय कुठे? हायड्रोजन आयता मिळत नाही. पाण्यापासून वेगळा करायला वीज लागते, आणि जेवढी घालावी तेवढी परत मिळत नाही. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून करतात, त्यात प्रदूषण होतंच. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर केला तरच तो खरा स्वच्छ. त्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं अभियान मंजूर केलं. शिवाय तो साठवायला मोटारीच्या टाकीत ७०० बारपर्यंत दाब लागतो. आपल्या गाडीच्या चाकात असतो साधारण दोन-अडीच बार!

तेव्हा गटाने थांबू नये. आज बॅटरीची किंवा सीएनजीची गाडी परवडते का, चार्जिंग किंवा पंप जवळ आहे का, एवढं बघून हिशेब करावा. आणि कुणी "गाडीला पाण्याचं किट बसवा, डिझेल वाचेल" म्हणत आला, तर गटाची पुंजी त्याच्या हाती देऊ नका.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शेतातल्या काडीकचऱ्यापासून जिवाणूंच्या मदतीने हायड्रोजन करण्यावर काम झालंय. आपल्या कोल्हापूरच्या उसाच्या फडात पाचटाला काय तोटा? उद्या त्याचं इंधन होईल तेव्हा होईल. आज ते पेटवू नका, सरीत कुजवा. खत तर आजच मिळतंय.