अरण्यग्रहावरचे युद्ध: कोणाच्या कानांनी ऐकायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजकीय अर्थशास्त्राच्या अभ्यासवर्गात विज्ञानकथेच्या श्रुतिकेविषयी बोलणे काहींना विषयांतर वाटेल. परंतु एका दूरच्या ग्रहावर पृथ्वीवासीयांची वसाहत, तेथील निबिड अरण्य आणि त्या अरण्यात मूळ रहिवाशांशी पेटलेले युद्ध, हे कथानक इंग्रजी विज्ञानसाहित्यात पुनःपुन्हा येते. त्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही. ज्या समाजांनी शतकानुशतके वसाहती चालविल्या, त्यांची ती स्मृती आहे. ती कोणाच्या बाजूने सांगितली जाते, एवढाच आपला प्रश्न आहे.

श्रुतिकेत हा प्रश्न अधिक धारदार होतो. रंगभूमीवर मूक पात्रही डोळ्यांना दिसते. श्रुतिकेत जो बोलत नाही तो जवळजवळ नसतोच. अशा कथेत बिनतारी यंत्रावरचे हुकूम, अधिकाऱ्यांचे वादविवाद, जखमी शिपायाचे अखेरचे शब्द, ही सारी मानवी भाषा आक्रमकांच्या वाट्याला देणे फार सोपे असते. मूळ रहिवाशांसाठी मग पानांची सळसळ, ढोलांचा घुमार आणि एखादी किंकाळी तेवढी उरते. युद्ध कोणी जिंकले हे कळण्यापूर्वीच न्याय कोणाच्या बाजूला आहे, याचा निकाल ध्वनियोजनेने देऊन टाकलेला असतो.

या चाकोरीबाहेरची एक कृती म्हणून उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ या लघुकादंबरीचा उल्लेख करतो. ती श्रुतिका नव्हे; परंतु या विषयावर श्रुतिका लिहू पाहणाऱ्याने आधी वाचावी अशी ती आहे. व्हिएतनाममधील युद्ध चालू असताना, १९६८ साली लंडनच्या मुक्कामात तिने ती लिहिली. १९७२ साली ती प्रसिद्ध झाली. कथेतील पृथ्वीवरची जंगले संपुष्टात आली आहेत आणि लाकूड अतिमौल्यवान झाले आहे. म्हणून अॅथ्शी नावाच्या ग्रहावर वृक्षतोड सुरू होते. तेथील ठेंगण्या, हिरव्या लव असलेल्या माणसांना ‘स्वेच्छाश्रम’ या गोंडस नावाखाली वेठीला धरले जाते. त्यांच्या भाषेत जग आणि अरण्य यांना एकच शब्द आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक साधा हिशेब दिसतो. ज्या प्रवासाला वर्षानुवर्षे लागतात, त्या अंतरावरून ओंडके वाहून आणणे कधी परवडेल? झाडाची किंमत शून्य आणि तोडणाऱ्याची मजुरी शून्य धरली तरच. तेव्हा क्रौर्य हा कोणा एका माथेफिरू कप्तानाचा स्वभावदोष नसतो. तो त्या व्यापाराच्या जमाखर्चात मुळातच गृहीत धरलेला असतो. युद्धाची सुरुवात पहिल्या गोळीने होत नाही, खतावणीतील त्या दोन शून्यांनी होते.

ही कल्पनाशक्तीची भरारी आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने मलायाचा इतिहास पाहावा. तेथील रबर आणि कथील म्हणजे महायुद्धोत्तर ब्रिटनला डॉलर मिळवून देणारा प्रमुख आधार. १९४८ ते १९६० या काळात तेथील जंगलात जे युद्ध झाले, त्याला ब्रिटिशांनी युद्ध न म्हणता ‘आणीबाणी’ म्हटले. युद्ध म्हटले असते तर मळेवाले आणि खाणमालक यांना लंडनच्या विमा व्यवस्थेकडून नुकसानभरपाई मिळण्यात अडचण आली असती, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते. सुमारे पाच लाख लोकांना, त्यांत बहुसंख्य चिनी कष्टकरी होते, जंगलाच्या कडेवरून उठवून काटेरी कुंपणाच्या ‘नव्या गावां’त कोंडण्यात आले. अखिल मलाया कामगार संघटना महासंघाचे अध्यक्ष, तमिळ वंशाचे एस. ए. गणपती यांना शस्त्र बाळगल्याच्या आरोपावरून मे १९४९ मध्ये फाशी देण्यात आले. रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय मजुरांच्या इतिहासातील हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पिकांवर व झाडोऱ्यावर विषारी रसायने फवारण्याचा प्रयोगही मलायात झाला. त्याचीच प्रचंड आवृत्ती अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनाममध्ये काढली. सात कोटी लिटरांहून अधिक वनस्पतिनाशके तेथे ओतली गेली. आणि त्याच युद्धात अमेरिकेच्या सैन्याने खरोखरीच एक श्रुतिका तयार केली. दफनसंस्कार न लाभलेल्या मृताचा आत्मा भटकत राहतो, या व्हिएतनामी श्रद्धेचा फायदा घेऊन अंत्ययात्रेचे संगीत, बापाला हाका मारणारे मूल आणि मेलेल्या सैनिकाचा विलाप यांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले व रात्रीच्या अंधारात जंगलावर वाजविण्यात आले. शत्रूला अखेर संवाद मिळाले. पण ते शरण जाण्याचे, आणि तेही आक्रमकाने लिहून दिलेले.

ले ग्विनची कथा मात्र येथे थांबत नाही. तिच्यातील ल्युबॉव्ह हा मानववंशशास्त्रज्ञ रहिवाशांचा खरा मित्र आहे. तो त्यांची भाषा शिकतो, अन्यायाविरुद्ध अहवाल पाठवितो. आणि वसाहतीच्याच शिध्यावर जगतो. विद्यापीठात आयुष्य घालविलेल्या माणसाला ही व्यक्तिरेखा स्वस्थ बसू देत नाही. सदिच्छेचे अहवाल वरिष्ठांच्या टेबलावर पडून राहतात तेव्हा जंगलातील तोड थांबलेली नसते.

अखेरीस, मनुष्यहत्या म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते ते रहिवासी सेल्व्हरच्या नेतृत्वाखाली हत्या करण्यास शिकतात. त्यांत वसाहतीतील स्त्रियाही मारल्या जातात आणि ल्युबॉव्हही मरतो. ते जिंकतात, पृथ्वीवासी निघून जातात. परंतु एकदा शिकलेली हत्या विसरता येत नाही, हे सेल्व्हर जाणतो. साध्य-साधन विवेकाची चर्चा आपल्या चळवळीत जुनी आहे. तिचा एक सोयीस्कर उपयोग असा होतो की पीडितांच्या हिंसेचा निषेध करून आपण मोकळे होतो. ही कथा ती मोकळीक देत नाही. विजयाची किंमत ती लपवीत नाही आणि ती किंमत कोणी लादली हेही विसरू देत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरण्याचे अवघड काम ती आपल्यावर सोपविते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे की, अशा कथा आणि श्रुतिका टाळू नका. शाखांमध्ये त्यांचे सामुदायिक वाचन व श्रवण करा आणि त्यानंतर दोन प्रश्न चर्चेला घ्या: कथेत जंगलाची किंमत कोणी ठरविली, आणि जंगलात राहणाऱ्याला किती वाक्ये मिळाली? आपल्याकडे १९२७चा वन कायदा करताना वनवासींना एकही वाक्य मिळाले नव्हते. त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने कायद्याच्या शब्दांत मान्य केले ते २००६ साली. त्या कायद्याने ग्रामसभेला आवाज दिला. तो आवाज नुसता नोंदला जातो की ऐकला जातो, हे पाहणे आपले काम आहे.