दार बंद, की घरच चुकले?

माझे गाव कुंभिवली, तालुका खालापूर. नोकरी पुण्यात. गावच्या घरी माझा एक जुना संगणक आहे आणि त्यावर लिनक्स चालते. वहिनींच्या महिला बचत गटाचा सगळा हिशेब त्याच्या पोटात आहे. कुणी किती हप्ता भरला, कुणाचे कर्ज किती फिटले, या नोंदी वहिनी करतात. महिनाअखेरचा ताळेबंद मी पुण्यात बसून त्या संगणकात लॉगिन करून तयार करतो.

या दुरून लॉगिन करण्याला जी सोय लागते तिचे नाव 'एसएसएच'. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठातल्या तातु युलोनेन यांनी ती १९९५ साली तयार केली. त्याआधी 'टेलनेट' वापरत. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा तारेवरून जाई. विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी असे पासवर्ड चोरले आणि त्यावर उपाय म्हणून हे कुलूपबंद पाकीट जन्माला आले.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी गटाची बैठक होती आणि सोमवारी बँकेत कागद द्यायचे होते. सकाळी लॉगिन करायला बसलो तर पडदा नुसता थांबून राहिला. दोनेक मिनिटांनी उत्तर आले, 'कनेक्शन टाइम्ड आउट'.

इथे पहिला धडा. संगणक कोणत्या शब्दांत अडवतो ते नीट वाचावे, कारण अर्धे निदान त्यातच असते. आपण कुणाच्या घरी गेलो आणि आतून काहीच आवाज आला नाही, तर तो 'टाइम्ड आउट'. म्हणजे वाटेत काहीतरी तुटले आहे, यंत्र बंद आहे किंवा फायरवॉल मुकाट्याने अडवते आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले, तर त्या पत्त्यावरून कुणीतरी 'नाही' म्हणाले. यंत्र सहसा जागे असते, पण एसएसएचची सेवा सुरू नसते किंवा आपण भलतेच दार ठोठावतो. तिचे नेहमीचे दार २२ क्रमांकाचे. आणि 'परमिशन डिनाइड' म्हणजे दार सापडले, पण आपली किल्ली लागली नाही. अशा वेळी वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि किल्लीच्या फाइलचे हक्क तपासावेत. किल्लीची फाइल इतरांनाही वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरतच नाही.

मी घरी फोन लावला. "वहिनी, लाइट आहे का?"

"कुठली भावजी! रात्रीपासून नाही. पाऊस बघा किती पडतोय!"

आमच्याच तालुक्यातल्या खोपोलीत १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि तिथली वीज मुंबईला गेली. पण जुलैच्या पावसात आमच्या घरी मेणबत्ती हाताशी ठेवावीच लागते. असो. मौनाचे कारण कळले.

दुपारी लाइट आली. मी पुन्हा प्रयत्न केला, तर या वेळी पडदाभर इशारा. पलीकडच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणीतरी मध्ये बसून फसवत असेल, सावध राहा! अशा वेळी पुष्कळ जण जुन्या ओळखीची नोंद पुसतात, 'येस' लिहितात आणि पुढे जातात. माझाही हात तिकडे गेला होता. पण त्या संगणकात तीस बायकांचे पैसे आहेत. पलीकडे भलताच कुणी असता, तर मी पासवर्ड आपल्या हाताने त्याला दिला असता.

पुन्हा फोन. प्रत्येक यंत्राच्या ओळखीचा एक ठसा असतो, ४३ अक्षरांचा. घरच्या संगणकावर तो कसा पाहायचा ते वहिनींना सांगितले. "कॅपिटल के, स्मॉल के, सात…" वहिनी वाचत गेल्या आणि मी डायरीशी ताडत गेलो. सगळा जुळला! म्हणजे आमचा संगणक होता तसाच होता. मग मला उत्तर देत होते कोण?

"वहिनी, घरात आणखी कुणाचा कॉम्प्युटर चालू आहे?"

"पोरगा आलाय ना कॉलेजातून. त्याचा लॅपटॉप आहे."

उलगडा झाला. बाहेरून येणाऱ्याला राउटर आतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर पाठवतो. लाइट आल्यावर राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने पत्ते नव्याने वाटले. बॅटरीवर जागा असलेला लॅपटॉप आधी पोचला आणि त्याला आमच्या संगणकाचा जुना पत्ता मिळाला. अभ्यासासाठी पुतण्याने त्यावर लिनक्स आणि एसएसएच दोन्ही घातले होते. घर तेच, पण दार उघडणारा दुसरा. पुतण्याने राउटरमध्ये संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला आणि बैठकीआधी ताळेबंद पोचला.

छोट्या खुणेकडे लक्ष दिले की काय होते, याचे मोठे उदाहरण २०२४ च्या मार्चमधले आहे. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचे लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते आहे असे दिसले. त्याने ते सोडून दिले नाही. मागोवा घेतला, तेव्हा 'एक्सझेड' या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी लपवलेले चोरदार सापडले. ते जगभर पसरण्याआधीच बंद करता आले.

म्हणून सांगणे इतकेच. आपल्या यंत्राचा ठसा आजच कागदावर उतरवून ठेवा. दूरच्या यंत्राच्या एसएसएचमध्ये काही बदल केलात, तर दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन होते आहे हे पाहिल्याशिवाय उघडे लॉगिन बंद करू नका, नाहीतर किल्ली आत आणि आपण बाहेर. आणि यंत्र 'नाही' म्हणाले, तर चिडण्याआधी ते कशाला नाही म्हणते आहे ते वाचा. आमच्या वहिनी आता इशारा आला की मला विचारतात, "भावजी, ठसा वाचू का?"